दाजींचे लाल हेडफोन

सलूनवाल्याचा धंदा जितका कात्रीचा, तितकाच कानाचा. गिऱ्हाईक एकदा खुर्चीत बसलं की त्याच्या सुनेपासून साहेबापर्यंत सगळी गाऱ्हाणी ऐकायची आणि 'हो ना', 'खरंय' करत हात चालवायचा. संध्याकाळपर्यंत दाजींचे कान किटून जात. त्यात दिवसभर उभं राहून कंबर धरली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि बायकोने जिममध्ये नाव घालताना सोबतीला आपला धाकटा भाऊ जोडून दिला.

हा मेव्हणा शाळेची बस चालवायचा. घरात त्याला रेडिओ म्हणत, फक्त याला बंद करायचं बटण नव्हतं. ट्रेडमिलवर धापा टाकतानाही त्याची टकळी चालू असे: बसमधली पोरं, टायर, शेजाऱ्याचं कुत्रं, मग त्या कुत्र्याबद्दल पडलेलं स्वप्न. 'दाजी' हे नावही त्याच्याच तोंडून ऐकून ऐकून गिऱ्हाइकांनी उचललं होतं.

"तो बोलतो आणि माझी कंबर दुखते," दाजी बायकोला म्हणाले.

"मग सांगा ना त्याला."

"तुझ्या भावाला कोण सांगणार?"

सांगण्यापेक्षा विकत घेणं सोपं वाटलं. दाजी हेडफोन घ्यायला गेले.

दुकानातल्या मुलीने आधी कानात घालायची बोंडं दाखवली. दाजींनी ती घालून मान हलवली, तर एक बोंड थेट काउंटरखाली. मग तिने मानेमागून येणारे, कानापुढच्या हाडावर टेकणारे काढले. "यात कान मोकळा राहतो. कुणी हाक मारली, मागे वजन पडलं, तरी कळतं. घामानेही बिघडत नाहीत. जिमला हेच बरे."

दाजींनी ते हळूच बाजूला सारले. "ते मोठे दाखवा."

"त्यात कान उकडतात. कानावरच्या उशा घामाने भिजतात. आवाज मात्र छान आहे."

"आवाजाचं राहू द्या. लांबून दिसतात ना?"

मुलीने लाल जोडी पुढे केली. "लाल घेतलेत तर फारच."

दाजींनी लाल घेतले.

गाण्याबिण्याचं त्यांना वेड नव्हतं. हवी होती ती शांतता, त्यामुळे हेडफोन चालू करायचीही गरज नव्हती. पहिल्या दिवशी रेडिओ म्हणाला, "अरे वा, दाजी, नवीन?" दाजींनी कानांकडे बोट दाखवलं, हसले आणि नसलेल्या गाण्यावर मान डोलावली. रेडिओ गप्प झाला. पुढेही कधी बोलायला तोंड उघडायचा, लाल उशा बघायचा आणि तोंड मिटायचा. दाजींना ते दिसत होतं. पण कंबर बरी होती, म्हणून त्यांनी तिकडे काणाडोळा केला.

एका संध्याकाळी दोघे शेजारशेजारच्या सायकलींवर होते. आसपास कुणी नव्हतं. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत रेडिओ बोलायला लागला. आवाज नेहमीचा नव्हता.

"तुम्हाला ऐकू येत नाही तेच बरंय, दाजी. मला कुणाला तरी सांगायचंय, आणि कुणाला कळायलाही नकोय."

दाजी पेडल मारत राहिले.

"उजव्या डोळ्याने धड दिसत नाही. मधोमध धुरकट डाग येतो. परवा शाळेपाशी एक पोरगी बसपुढून गेली, मला दिसलीच नाही. बसमधल्या बाई ओरडल्या म्हणून ब्रेक लागला. पोरगी हात हलवत निघून गेली, तिला पत्ताच नाही." त्याने पेडलचा वेग वाढवला. "ताईला सांगितलं तर रडेल. मालकाला सांगितलं तर बस जाईल. बस गेली तर मी करू काय?"

दाजींचा हात कानाकडे गेला. हेडफोन उतरवायचे, एवढंच करायचं होतं. पण उतरवले की सगळं उघडं पडणार होतं, आजचंही आणि आधीचंही. हाताने नुसती उशी सारखी केली. आणि मान, तिला लागलेल्या सवयीने, डोलली.

रेडिओने वळून पाहिलं. "गाणं चांगलं दिसतंय," तो म्हणाला आणि हसला.

दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सलूनसमोरून शाळेची बस गेली, तेव्हा दाजी वस्तरा हातात धरून ती वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले. गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळला. संध्याकाळी त्यांनी आडून सुचवून पाहिलं, "डोळे थकल्यासारखे दिसतात तुझे. तपासून घे एकदा." रेडिओ म्हणाला, "झोप झाली नाही, दाजी." झालं, संपलं. मालकाला निनावी फोन करावा असंही मनात आलं. प्रत्येक वाट पोरांना वाचवायची कमी आणि स्वतःचं तोंड लपवायची जास्त होती, हे त्यांना कळत होतं. तरी उद्यावर ढकलत आठवडा काढला.

मग एका दुपारी जेवताना बायको म्हणाली, "रेडिओने बस फाटकाच्या खांबाला घासली. एका पोराचा ओठ फुटला. हा म्हणतो, खांबच पुढे सरकलाय." ती हसत होती. दाजींचा घास तोंडातच राहिला. ते तसेच उठले.

बस उभी करायच्या आवारात रेडिओ ओला फडका घेऊन पत्र्यावरचा ओरखडा पुसत होता, जणू तो पुसून जाणार होता.

"उजवा डोळा," दाजी म्हणाले. "मधोमध डाग."

"कुणी सांगितलं?"

"तूच."

रेडिओला उमजायला वेळ लागला. "हेडफोन बंद होते?"

"कधी चालूच केले नाहीत."

"पहिल्या दिवसापासून?"

दाजींनी मान हलवली, आणि मान हलवल्याचीच लाज वाटून ती थांबवली. "हो."

"मी बडबड्या आहे, ठाऊक आहे मला. गप्प बस म्हणाला असतात तर बसलो असतो." त्याने फडका पिळला. "पण ते ऐकल्यावरही तुम्ही मला बस काढू दिलीत?"

"दिली."

"का?"

"तुला तोंड कसं दाखवू, म्हणून."

रेडिओने फडका बसच्या आरशावर टाकला. "मीही काढलीच की," तो म्हणाला. मग आत जाऊन त्याने किल्ल्या मालकाच्या टेबलावर ठेवल्या.

संध्याकाळी दोघे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बाईंनी बराच वेळ दिव्याने डोळा पाहिला. उपचार आहे, म्हणाल्या, पण गेलेली नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. आधी आला असतात तर बरं झालं असतं.

"घरात कुणालाच माहीत नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"नाही," रेडिओ लगेच म्हणाला. "मी कुणाला बोललोच नव्हतो."

त्याने दाजींकडे पाहिलंही नाही. इतक्या सहज त्याने त्यांना पाठीशी घातलं की दाजींना खुर्चीत बसवेना.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

डॉक्टर बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळ्यात औषधाचा थेंब घालायला रेडिओची हनुवटी वर केली.