ताकीद देण्यात येते, लोभ असावा

आमच्या कार्यालयातून बाहेर पडणारं पत्र कुणालाच नको असतं. तुमची पाटी पदपथावर आली, काढा. तुमचा कुत्रा भुंकतो, आवरा. तुमचा जिना बेकायदा, पाडा. गोड बातम्यांसाठी वेगळा विभाग असेलही, मला अजून सापडलेला नाही.

मी तिथे हंगामी टंकलेखक होते. हंगामी फळाची लोक वाट तरी बघतात. हंगामी माणसाला खुर्चीसुद्धा डुगडुगती मिळते. महिनाअखेर मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे आमच्या मुख्य बाई ठरवणार होत्या. कागद दिसला की त्या लाल पेन उघडत, म्हणून त्यांचं नाव लालशाई. तोंडावर अर्थातच मॅडम. मला ती नोकरी हवी होती, अगदी डुगडुगत्या खुर्चीसकट हवी होती.

एके दिवशी त्यांनी मला बोलावलं. "प्रत्येक जण पत्राला आपापलं शेपूट लावतो," त्या म्हणाल्या. "कुणी 'आपला विश्वासू', कुणी 'आज्ञेवरून'. एकच साचा करा. उघडणाऱ्याने फक्त नाव आणि गुन्हा भरायचा."

मला तर आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. वर्ड उघडून साचे करत बसायला मिळणं, तेही पगार घेऊन, हे माझ्या लेखी सुखच आहे. वरती बोधचिन्ह बसवलं, समास आखले, 'येथे नाव', 'येथे विषय' असे करडे चौकोन टाकले. पत्रं रवाना करणाऱ्या आमच्या टपालकाकांचा हात लागला की ओळी पळतात, म्हणून साच्याला पासवर्डही घातला.

आता मजकूर कसा बसतो ते बघायला काहीतरी टाइप करायला हवं होतं. मी मावशीला पत्र लिहिलं. दादाच्या बाळाला दात आला, वहिनी ते जगाला दाखवत फिरतेय, माझं काय ते महिनाअखेर ठरेल. लिहिता लिहिता पान भरलं. शेवटची ओळ मावेना, म्हणून ती तळाच्या फूटरमध्ये नेऊन बसवली. 'कळावे, लोभ असावा.' मग वरचा मजकूर पुसला, साचा जपून ठेवला आणि सगळ्यांच्या संगणकांवर चढवला. वरती काम करताना फूटरमधली अक्षरं फिकट दिसतात. मी तर आनंदात होते, मला ठळकही दिसली नसती.

पत्रं धडाधड जाऊ लागली. मॅडम सहीपर्यंतचं अक्षर न् अक्षर तपासत. सहीच्या खाली कोण बघतो?

मग कुत्रेवाल्या बाई आल्या, कुत्र्यासकट. "लोभ आहेच हो," त्या माझ्याकडे बघून लाजत म्हणाल्या, "पण तो पोस्टमनवरच भुंकतो. मी त्याला मागच्या खोलीत ठेवत जाईन." पाठोपाठ जिनेवाल्याचा फोन आला. तो जिना स्वतःच पाडायला लागला होता, आणि आम्ही सगळे बरे आहोत ना, असं विचारत होता.

"लोकांना झालंय काय?" टपालकाका म्हणाले. "कुणी दारसुद्धा आपटत नाही."

मला शंका आली. मी फाइलमधून एक प्रत काढली. 'ही तिसरी व अंतिम ताकीद समजावी. यापुढे कुत्रा जप्त करण्यात येईल.' खाली सही. त्याखाली, ठसठशीत, 'कळावे, लोभ असावा.' माझ्या पायांखालची जमीन सरकली आणि त्याच वेळी असं हसू फुटलं, की तोंडावर फाइल धरून कपाटामागे उभं राहावं लागलं. नोकरी जाणार हे कळत होतं, तरी हसू काही आवरेना. तेवढ्यात मॅडमचं बोलावणं आलं.

आत एक म्हातारे घड्याळजी बसले होते. त्यांच्या दुकानाच्या पाटीबद्दल आमची नोटीस गेली होती, ती त्यांनी टेबलावर आपटली.

"कळावे, लोभ असावा," त्यांनी वाचून दाखवलं. "म्हणजे आम्हाला लोभ आहे, तो तुम्हाला कळावा. असंच ना? अहो, लाच मागायची तर निदान हळू आवाजात मागा. छापून काय पाठवता?"

मॅडमनी लाल पेन उघडलं, पण रेघ कुठे मारावी ते त्यांना सुचेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"काका, माझी चूक आहे," मी म्हणाले. "ते मावशीच्या पत्रातलं राहून गेलं. लोभ म्हणजे हाव नाही हो. माया. घरच्यांना लिहितो ना, तसा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ती ओळ परत वाचली.

"हो की," ते म्हणाले. "माझी बहीण लिहायची. ती गेली, तेव्हापासून मला नुसत्या नोटिसाच येतात. दुसरा अर्थच राहिला डोक्यात."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. ते उठले, नोटिशीची नीट घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली. "पाटी उद्या काढतो. हे मात्र परत मागू नका."

ते गेल्यावर मॅडम बराच वेळ पेनचं टोपण लावत होत्या. "साच्यातून ते काढून टाका," त्या म्हणाल्या. "आत्ताच."

"हो मॅडम."

"सगळ्यांना एकाच छापाचा लोभ पाठवायचा, हे काही खरं नाही. यापुढे प्रत्येक पत्राखाली हाताने लिहायचं."

"रोजची एवढी पत्रं, मॅडम. कोण लिहिणार?"

"तुम्ही. दुसरं कोण?" त्यांनी माझी फाइल पुढे ओढली. "आणि हे काम काही महिनाअखेर संपणारं नाही. म्हणजे तुम्हाला कायमच करावं लागणार."

माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला आणि मांजराचे पाय कुत्र्याला. पण हे त्यांची सही पूर्ण होईपर्यंत मी सांगितलं नाही.