पूजेला बसलेली पांढरी गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. माझ्यावर कधी कोणी बसले नाही की झोपले नाही. मोटारीला चकाकी आणणाऱ्या यंत्राच्या तोंडावर फोमची जी गोल चकती बसवतात, ती मी. कारागीर मला पॅड म्हणतात. चौसाळ्याच्या हमरस्त्याकाठी एका पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतीतल्या खिळ्यावर माझे निम्म्याहून अधिक आयुष्य गेले. खिळ्यावरून रस्ता दिसतो. गाड्या येतात, धुळीचा लोट मागे ठेवून जातात. माझ्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पातळ रसायन पावासारखे फुगले, त्याची मोठी लादी झाली आणि त्या लादीतून मला गोल कापून काढले. माझ्या अंगात हजारो बारीक छिद्रे आहेत. त्यांच्यामुळे मी मऊ आहे, आणि माझे दुखणेही त्यांच्यातच आहे. जे मिळेल ते मी शोषून घेते. काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे मला ठरवता येत नाही.

सत्त्याण्णव साली पुण्याच्या एका दुकानातून संगमेशने मला विकत घेतले. तो तिथल्या एका गॅरेजात पॉलिशचे काम शिकला होता. त्या काळात रस्त्यावर रोज नव्या बनावटीची मोटार दिसू लागली होती, आणि बीड जिल्ह्यातही असे काम चालेल, असा त्याला विश्वास होता. माझ्यासोबत एक पिवळी गादी होती. ती कडक, आधीचे ओरखडे घासून काढणारी. शेवटचा हात माझा. माझ्या फिरण्याने गाडीच्या टपात आभाळ दिसू लागले की संगमेश दोन पावले मागे सरून मान तिरपी करून पाही. मला तेवढे कौतुक पुरत असे.

काम संपले की महानंदा, संगमेशची बायको, मला हातात घेई. तिची रीत ठरलेली होती. अंगातले पॉलिश वाळण्याच्या आत मला धुवायचे. बोअरच्या खाऱ्या पाण्याने माझ्यावर थर धरतो, म्हणून ती आडाचे गोडे पाणी कोमट करून आणी. साबण अगदी थोडा. मला पिळायचे नाही, दोन तळव्यांत धरून दाबायचे, आणि पाणी नितळ येईपर्यंत दाबत राहायचे. मग संगमेश मला यंत्रावर चढवून रिकाम्या पिंपात दोन गिरक्या देई, म्हणजे उरलेले पाणी उडून जाई. शेवटी सावलीतल्या तारेच्या जाळीवर मला पालथी ठेवत. उन्हात पाठीवर चिकटवलेल्या पट्टीचा डिंक सुटतो. वरून धुतलेले फडके टाकत, कारण रस्त्याची धूळ कोणाची वाट पाहत नाही.

या घरात एकच दुखरी जागा होती. रस्त्याच्या पलीकडे संगमेशच्या वडिलांचे, रेवणप्पांचे, कापडाचे दुकान होते. चाळीस पावलांचे अंतर. दोन वर्षांत ती चाळीस पावले रेवणप्पा चालले नव्हते. गिऱ्हाइकासमोर ते मोठ्याने म्हणत, "बाप दुकानाच्या गादीवर बसतो आन् पोरगं गादीनं लोकाच्या गाड्या पुसतंय. लई शिकलं!" वाऱ्यावर ते शब्द शेडपर्यंत येत. संगमेश यंत्राचा आवाज वाढवी. वडिलांनी एकदा येऊन आपले काम पाहावे, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ती तो कोणाला सांगत नसे.

तिसऱ्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी रेवणप्पा आले. हातात पूजेचे ताट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. संगमेश झेंडूची फुले आणायला गेला होता. महानंदाने घाईने पदर सावरला.

"हत्यारं कुठं हायत गं?" त्यांनी विचारले. "धंदा कसला का असंना, हत्याराची पूजा चुकू न्हाई."

पाटावर यंत्र, पिवळी गादी आणि मी मांडलेले होतो. मी नुकतीच धुतलेली, अजून ओलसर. रेवणप्पांनी विभूतीची वडी ओल्या बोटांनी चोळली आणि माझ्यावर तीन पट्टे ओढले. वर कुंकू, वर अक्षता. त्यांचा हात फार मायेचा होता. पण विभूती माझ्या छिद्रांत उतरली आणि तिथेच वाळली. माणसाच्या कपाळाला ती मऊ लागते. मोटारीच्या रंगाला तिचे वाळलेले खडे वाळूसारखे असतात.

संगमेश फुले घेऊन दारात थबकला. वडील पाटासमोर बसलेले पाहून त्याने फुले हळूच पाटाच्या कडेला ठेवली.

महानंदा हळूच म्हणाली, "अप्पा, सांजच्याला मी ह्या गाद्या धुवून ठेवते."

"छे! आज हत्याराला हात लावायचा नसतो. उद्या दसऱ्याला सुटतील. उद्या येतो मी काम बघायला."

दसऱ्याला ते खरोखर आले आणि स्टुलावर बसले. तेलगावचे बागायतदार आदिनाथराव आपली नवी काळी मोटार घेऊन हजर होते. संध्याकाळी सोने वाटायला त्याच गाडीतून जायचे होते. संगमेशने मऊ ब्रशने माझ्यावरचे कुंकू झाडले. मी पांढरी आणि विभूतीही पांढरी. मी स्वच्छच दिसले. महानंदा पाण्याची बादली घेऊन पुढे आली. संगमेशने वडिलांकडे पाहिले. त्यांच्या हातची पूजा त्यांच्याच डोळ्यांदेखत बादलीत बुडवायची?

"राहू दे," तो म्हणाला.

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. मी फिरत राहिले. गाडी उन्हात काढली तेव्हा काळ्या रंगावर बारीक गोल रेघांचे जाळे उठले होते.

आदिनाथराव वाकून पाहत राहिले. "आरसा करतो म्हणला होतास ना बे? ह्यात तर कोळ्यानं संसार मांडलाय!"

संगमेशने माझ्यावर अंगठा फिरवला. त्याला कळले. तो वडिलांकडे न बघता म्हणाला, "मालक, माजा हात चुकला. दोन दिवस ठेवा गाडी, पयल्यासारखी करून देतो."

रेवणप्पा उठले. टोपी नीट केली. "गिऱ्हाइकाच्या मालावर शिकू न्हाई, संगमेश," एवढे म्हणून ते रस्ता ओलांडून गेले.

गाडी नीट झाली; पिवळ्या गादीने आणि माझ्या जागी आलेल्या नव्या गादीने ती नीट केली. मला त्या दिवशी कोणी धुतले नाही. महानंदा नवऱ्याला म्हणाली, "आवो, सांगा की अप्पांना, विभूतीमुळं झालं म्हणून."

"दोन वर्सांनी पाऊल टाकलं त्यांनी हितं. कसं सांगू, तुमच्याच हातानं झालं म्हणून?"

"मग तुमाला अडाणी समजू द्यायचं?"

"समजू दे."

त्याने मला खिळ्यावर अडकवले. पूजेची वस्तू म्हणून टाकवत नव्हती, आणि कामाला घ्यायची भीती वाटत होती. माझ्या अंगातले पॉलिश वाळून दगड झाले. समोर जाळीवर नव्या गाद्या ओल्या अंगाने पालथ्या पडत, झिजत, जात. पुन्हा नव्या येत. महानंदाच्या तळव्यांतून पाणी निथळल्याचा आवाज मी रोज ऐकला. एकटेपण म्हणजे कोणी जवळ नसणे असे मला पूर्वी वाटे. हाताच्या अंतरावर सगळे असताना कोणाचाच हात आपल्यापर्यंत न येणे, ते याहून कठीण असते. पलीकडे दुकानात रेवणप्पाही एकटेच बसलेले दिसत. ते शेडकडे पाठ करून बसू लागले होते.

दोन वर्षे अशी गेली. एका दुपारी घरी पाहुणे आले म्हणून रेवणप्पा सुनेला बोलवायला शेडच्या दाराशी आले. संगमेश बीडला गेला होता. महानंदा हात धूत असताना त्यांची नजर माझ्यावर पडली. उभा जन्म त्यांनी अंगठ्याने कापड पारखले होते. हात आपसूक पुढे आला. अंगठा माझ्यावर फिरला आणि थांबला. त्यांनी पुन्हा दाबले. बोटाला पांढरी भुकटी लागली. ती त्यांनी दोन बोटांत चोळली. रोज पहाटे कपाळाला लावलेली विभूती त्यांना वेगळी ओळखावी लागली नाही.

"ही त्या दसऱ्याची का?"

महानंदाने ओले हात पदराला पुसत मान हलवली.

"रेघा हिच्यानं उठल्या?"

"होय, अप्पा."

"आन् त्यो म्हणला, माजा हात चुकला." ते स्टुलावर टेकले. "कावून सांगितलं न्हाई मला?"

"तुमी पयल्यांदा आलता, अप्पा. त्यांच्या जिवावर आलं."

रेवणप्पांनी बाह्या सारल्या. "पाणी आण. पाहुणे बसतील घडीभर."

त्यांनी मला कोमट पाण्यात बुडवले आणि धोतर पिळावे तसे पिळू लागले. "पिळू नका, नुसतं दाबा," महानंदा म्हणाली. त्यांनी दाबले. पाणी राखाडी झाले, पुन्हा राखाडी झाले. दोन वर्षांनी माझ्या अंगातून पाणी वाहत होते. पण मी आतून कडक झाले होते. माझी एक कड तुटून त्यांच्या हातात आली.

संगमेश मोटारसायकलवरून उतरला तेव्हा वडील बादलीपाशी उकिडवे बसलेले होते. त्यांच्या तळहातावर माझा तुकडा होता. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिले. संगमेशला काही विचारावे लागले नाही.

"ही गेली रे," रेवणप्पा म्हणाले. "दुसरी दे. ती तरी येळेवर धुतो."

संगमेशने शेडमधल्या गाडीवर शेवटचा हात फिरवला, मग ती पॉलिशने ओली गादी यंत्रावरून सोडवली आणि वडिलांच्या हातात दिली.

मित्रांनो, माझा पुन्हा कामाला उपयोग झाला नाही. मी पुन्हा खिळ्यावर आहे, पण आता रेवणप्पा शेडमध्ये येतात; त्या बापलेकांच्या गप्पा मी ऐकते आणि मला बरे वाटते. माझ्याशी मात्र अजून कोणी बोलत नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी मुकी वस्तू असेल. तिच्यावर माया करण्याआधी तिला काय सोसते ते जाणून घ्या. काम झाले की लगेच धुवा, सावलीत वाळवा. आणि मायेपोटी कोणाची चूक झालीच, तर ती त्याला वेळेवर सांगा. तो घटकाभर खट्टू होईल, पण धुवायला बसेल. उशीर झाला की कितीही मायेने दाबले तरी कड तुटून हातात येते.