एकादशीच्या माश्या

सजीव सृष्टीच्या सगळ्या रहस्यांचं कुलूप एका माशीच्या डोळ्यात आहे, असं प्राध्यापक पद्माकर गुप्ते सतरा वर्षं बडोद्याला ऐकवत होते. किल्ली त्यांच्या सुभानपुऱ्याच्या घरी, दुधाच्या बाटलीत, वर कापसाचा बोळा लावून देवघरातल्या फडताळात ठेवलेली असे. घरात तेवढाच कोपरा थंड.

फळांवर घोंघावणाऱ्या चिलटाएवढ्या माश्यांचे डोळे लाल असतात. जवळच्या छाणी गावातल्या एका पेरूच्या बागेत गुप्त्यांना तपकिरी डोळ्यांची सापडली. तो रंग अळीची माशी होताना कसा घडतो आणि पिढ्यांमधून कसा पसरतो, यातच त्यांचे केस पिकले. असा वाण दुसऱ्या प्रयोगशाळेतही सांभाळायला द्यायची रीत आहे. पण शास्त्रज्ञ म्हणून गुप्त्यांचा पुराव्याशिवाय कशावरच विश्वास नसे, सहकाऱ्यांवर तर पुरावा असूनही नसे. म्हणून दुसरी बाटली घरी.

उन्हाळ्यात एके सकाळी त्यांची विद्यार्थिनी नीरा धापा टाकत दारात आली.

"सर, लॅबमधल्या इन्क्युबेटरचं कूलिंग रात्री बंद पडलं. सगळ्या माश्या गेल्या."

"सगळ्या?"

"एकही हलत नाही."

"घाबरू नकोस. दूरदृष्टी म्हणतात ती यालाच," म्हणत गुप्त्यांनी फडताळ उघडलं. बाटली घासून, पुसून पालथी घातलेली होती.

"निरुपमा!"

"ओरडू नका," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "आत अळ्या वळवळत होत्या. इतर दिवशी उकळतं पाणी ओतलं असतं, पण आज एकादशी. अळ्या तुळशीत टाकल्या, माश्या सोडून दिल्या, म्हटलं, आवजो, या परत."

गुप्त्यांनी रिकामी बाटली उचलली. "सतरा वर्षं गेली गं!"

"जातायत कुठं? माझ्या उपासाच्या केळ्यांवर बसल्यात मेल्या."

गुप्ते भिंग घेऊन धावले. नीरा मागोमाग. गुप्ते केळ्यांवर इतके वाकले, की एक माशी त्यांच्या नाकावर आली.

"तपकिरी!" ते पुटपुटले. "ही पण! आणि हिचं पोट बघ, अंड्यांवर आलीय!"

नीराने केळ्यांसकट सगळा ऐवज बरणीत लोटून बोळा लावला आणि तिथंच रडायला लागली. गुप्ते हसत होते, डोळे पुसत होते. "नीरा, चार बाटल्या कर. दोन दुसरीकडे पाठव. ज्याच्यावर माझा मुळीच विश्वास नाही, त्याला आधी!"

निरुपमाबाईंनी बरणीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"झालं ना समाधान? मग कोपऱ्यावरनं दोन केळी आणा. डाग नसलेली."