देवाशी दुपारचं भांडण

चर्चची झाडलोट मावशीकडे आली, त्या आठवड्यापासून देवाची दुपारची झोप उडाली असणार. सकाळी पाळकसाहेबांची ये-जा, संध्याकाळी गाणाऱ्यांची तालीम; मधल्या वेळात तिथं माणूस म्हणून मावशी एकटी. ती दार लोटायची, बादलीत फिनेल ओतायची, बाह्या सरसावायची आणि पहिल्या बाकाखाली फडकं मारता मारता सुरू व्हायची.

"काय रे, ऐकतोयस ना? का आजही कानात बोळे घालून बसलायस?"

मावशीचा नवरा गवंडी होता. शाळेची भिंत बांधताना परांचीवरून पाय निसटला आणि तो गेला. संसारभर मावशीनं त्याच्यावर मनसोक्त तोंडसुख घेतलं होतं. तो गेल्यावर तिच्या बोलण्याला गिऱ्हाईकच उरलं नाही. मग तिनं सरळ विचार केला: ज्यानं ऐकणारा माणूस नेला, त्यानंच आता ऐकावं. देवाला अरे-तुरे आणि नवऱ्याला अहो-जाहो, ही तिची पद्धत मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

दारूगोळा तिला गुरुवारी मिळायचा. त्या दिवशी पाळकसाहेब मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत आणि देव कसा आहे ते एकेक शब्द धरून समजावत. मुलं ते फाटकापर्यंत पोचायच्या आत विसरत. मागच्या खिडकीच्या काचा पुसणारी मावशी एक शब्द विसरत नसे.

"सर्वव्यापी म्हणे!" शुक्रवारी ती बादली आपटायची. "मग त्या परांचीवर नव्हतास होय? का तेवढी एक फळी सोडून बाकी सगळीकडे?"

पुढच्या शुक्रवारी सर्वसमर्थाची पाळी. "आभाळ पेलतोस, तारे पेलतोस, आणि एक गवंडी पेलवला नाही? तोही माझ्या हातचं खाऊन सुकलेला?"

सर्वज्ञ हा शब्द कळला त्या दिवशी तर तिनं फडकंच फेकून दिलं. "म्हणजे तुला आधीपासून ठाऊक होतं! मग त्या सकाळी ह्यांना थोडा ताप नसता का देता आला? मी घरी बसवलं असतं. पाय दाबले असते. बडबड केली असती, पण घरी बसवलं असतं!"

तिला सगळ्यात आवडलेला शब्द होता मंदक्रोध. राग यायला फार वेळ लावणारा, असं पाळकसाहेबांनी सांगितलं, तेव्हा मावशीनं खिडकीतूनच समाधानानं मान हलवली. हा परवानाच होता. तिनं तो भरपूर वापरला.

हे कुणाला कळलं तर काय होईल, याची मात्र तिला धास्ती होती. देवाला शिव्याशाप देणारी बाई देवाच्या घरात कोण ठेवणार? काम गेलं तर दुसरीकडे मिळालं असतं. पण दुपार गेली तर ती कुठून आणायची?

आणि नेमक्या त्याच सुमाराला चर्चमधल्या मेणबत्त्या नाहीशा व्हायला लागल्या.

कमिटी बसली. मावशी चहा देत होती. खजिनदारांनी घसा साफ केला. हे गृहस्थ निवृत्त हिशेबनीस. मावशीला फिनेलसुद्धा टोपणानं मोजून देत. "चोर आतला आहे की बाहेरचा, ते बघायचं. कॅमेरा बसवू."

ऑर्गन वाजवणाऱ्या बाई फणकारल्या. "देव सगळं बघतो, असं आपण शिकवतो ना मुलांना? मग वर कॅमेरा कशाला? त्याच्यावर भरवसा नाही?"

"भरवसा आहे," खजिनदार म्हणाले. "पण तो बघतो आणि गप्प बसतो. कमिटीला कळवत नाही."

यावर पाळकसाहेब काहीतरी बोलणार असं वाटलं, पण त्यांनी चहाचा घोट घेतला. वयानं लहान होते बिचारे. ठराव पास झाला.

कॅमेरेवाला शिडीवर चढून वायर ओढत असताना मावशीनं खालून सहज विचारल्यासारखं विचारलं, "नुसतं चित्रच येतं ना त्यात?"

"छे हो मावशी, आवाजपण! मुंगी शिंकली तरी ऐकू येईल."

मावशी बादली उचलून मागच्या बाकांकडे वळली.

पहिले काही दिवस तिनं तोंडाला कुलूप लावलं. मग तिला वाटलं, देव जर सर्वव्यापी आहे, तर चर्चच कशाला पाहिजे? घरी बोलू. संध्याकाळी भांडी घासता घासता तिनं सुरुवात केली. "लाज नाही वाटत? सगळं दिसतं तुला, आणि काडीची मदत करत नाहीस?" आतल्या खोलीतून सून बाहेर आली. डोळे भरलेले. "आई, आत्ताच तर ऑफिसमधून आले मी. आणा ती भांडी इकडे." तिची समजूत घालता घालता रात्रीची जेवणाची वेळ उलटून गेली.

मग रस्त्यानं चालता चालता बोलून बघितलं. "तुझं सगळं मोजमापच खोटं," असं ती पुटपुटली आणि शेजारचा भाजीवाला तराजू उचलून भांडायला उठला. न्हाणीघरात नळ सोडून बघितलं, तर भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "मावशी, कोणी आहे का आत तुमच्याबरोबर?" शेवटी मनातल्या मनात. पण मनातल्या मनात भांडण म्हणजे बिनमिठाचं जेवण. तिचं पित्त तेवढं वाढलं.

त्यातच चर्चच्या बाहेरच्या भिंतीला तडा गेला म्हणून गवंडी आले. त्यांनी परांची बांधली आणि जेवायला गेले. मावशी खिडकीपाशी आली, तर बाहेर बरोबर तिच्या डोळ्यांसमोर रिकामी फळी. एका टोकाला सिमेंटचं घमेलं, दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी चपला. माणूस नाही.

कॅमेरा, कमिटी, काम, सगळं ती क्षणात विसरली. तिनं वेदीकडे तोंड केलं आणि इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं बाहेर काढलं. किती वेळ, ते तिलाही कळलं नाही. भानावर आली तेव्हा वर कॅमेऱ्याचा लाल दिवा शांतपणे तिच्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी कमिटी पाळकसाहेबांच्या खोलीत संगणकाभोवती कोंडाळं करून बसली. मावशी चहाचा ट्रे घेऊन भिंतीला चिकटून उभी राहिली.

चोर लगेच सापडला. एक गलेलठ्ठ उंदीर मेणबत्तीची वात दातात धरून ती वेदीवरून ओढत नेत होता. सगळे पोट धरून हसले. मावशीही हसली आणि तिनं ट्रे टेबलावर ठेवला. आता बंद करतील!

"थांबा," खजिनदार म्हणाले. "एकच आहे की जास्त, ते बघून घेऊ." हिशेबनीसच तो. त्यांनी चित्र पुढे सरकवलं.

"सर्वसमर्थ!" संगणकातून मावशी गरजली. "एक फळी! एक फळी धरता आली नाही तुला!"

हसणं थांबलं. पुढे सगळंच आलं. सकाळचा तो ताप, जो देवानं दिला नाही. शाळेची भिंत, जी नंतर दुसऱ्याच माणसानं पुरी केली. "तो पाळक सांगतो, तू दयाळू आहेस. पोरगं आहे ते, त्याला काय माहीत! तू दया देतोस ती आमच्या खजिनदारासारखी, टोपणानं मोजून!" मग बराच वेळ नुसतं रडणं. मग नाक शिंकरल्याचा आवाज, आणि अगदी साध्या सुरात: "बरं. उद्या येते. मागची बाकं राहिलीत. तू पण अस."

पाळकसाहेबांचे कान लाल झाले होते. ऑर्गनच्या बाई चष्मा पुसत होत्या. मावशीला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं.

खजिनदारांनी वळूनही न बघता विचारलं, "हे रोजचं आहे?"

"रविवार सोडून."

"आणि... उत्तर मिळतं कधी?"

"नाही बा."

"मग कशाला घसा कोरडा करता?"

मावशीला आता लपवायला काही राहिलंच नव्हतं. "साहेब, आमचे हे तिसऱ्या वाक्याला चपला घालून बाहेर पडायचे. पोरगा हल्ली पहिल्याच वाक्याला फोन कानाला लावतो. हा उठून जात नाही. माझं सगळं संपेपर्यंत बसतो. चुकलाच आहे तो, त्याबद्दल मी त्याला सोडणार नाही. पण इतकं ऐकून घेणारं दुसरं कुणी मला जन्मात भेटलं नाही. काम काढून घ्यायचं तर घ्या. दुपारचं तेवढं येऊ द्या मला."

मग खजिनदार उठले, शेजारी चर्चमध्ये गेले, स्वतः शिडी लावून वर चढले आणि कॅमेऱ्याची आवाजाची वायर त्यांनी हिसडून काढली. "उंदराला आवाज कशाला लागतो?" ते खाली उतरत म्हणाले. ठराव वगैरे काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी बादली घेऊन आली, तर शेवटच्या बाकावर खजिनदार बसलेले. टोपी मांडीवर. त्यांची बायको गेल्या हिवाळ्यात, महिनोन् महिने अंथरुणाला खिळून, गेली होती. दफनाच्या दिवशीसुद्धा हा माणूस भाड्याच्या खुर्च्या मोजत फिरत होता, आणि वस्तीनं त्याला नावं ठेवली होती.

"मघापासून बसलोय," ते म्हणाले. "जमत नाही. 'नम्र निवेदन करतो की' याच्यापुढे गाडी जात नाही."

मावशीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग ओलं फडकं पिळलं आणि त्यांच्या हातात दिलं. "बसून भांडण होत नाही, साहेब. उठा. हाताला काम लागतं."

"बोलू काय पण?"

"घरी वहिनींच्या कपाटाशी जे बोलता, तेच."

आपण घरी कपाटाशी बोलतो, हे हिला कुणी सांगितलं, ते त्यांनी विचारलं नाही. "आणि तो रागावला तर?"

"रागावून करणार काय? न्यायचं ते तर नेलंच."

मावशी बाहेर आली, दार लोटून घेतलं आणि पायरीवर बसली. आत बराच वेळ फक्त फडक्याचा आवाज. मग एक "का?" आला, अगदी बारीक. मग दुसरा, जरा मोठा. मग खजिनदारांचा आवाज असा चढला की छपरावरची कबुतरं उडाली.

पाळकसाहेब फाटकातून घाईघाईनं आले. मावशीनं बसल्या जागेवरूनच हात आडवा केला.

"आत नका जाऊ, साहेब. देव कामात आहे."

पाळकसाहेब थांबले. मग तिच्या शेजारी पायरीवर बसले.