न भिजलेली मटकी

थोरल्या दिराने, गहिनीनाथने, मटकीचं बियाणं द्यायला साफ नकार दिला. तोही मनकर्णेला नव्हे, आपल्या बायकोला सांगून. पाथर्डीकडच्या त्या घरात भावजय थोरल्या दिराशी बोलत नसे. निरोप जाऊबाईच्या, रतनबाईच्या तोंडून जायचा आणि तिच्याच तोंडून यायचा. आलेला निरोप असा, की यंदा पावसाचा भरवसा नाही, माळाची पट्टी पडीक राहू द्या, पुढच्या सालापासून तीही आमच्याच औताखाली घेऊ. नवरा गेल्यावर मनकर्णेच्या वाट्याला आलेली तेवढीच जमीन. एकदा त्याच्या औताखाली गेली की परत मिळते कशाची?

तिचं डोकंच फिरलं. घरात कोंबड्यांसाठी एक गाडगं होतं. उसळीला मटकी भिजवली की काही टणक दाणे रात्रभर पाण्यात राहूनही फुगत नाहीत. दाताखाली आले तर दातच पडायचा. असले गणंग निवडून, वाळवून ती गाडग्यात टाकत आली होती. तेच गाडगं काखोटीला मारून ती माळावर गेली आणि पेरून आली. उगवेल की नाही, तिलाही ठाऊक नव्हतं. पट्टी पडीक राहिली असं कुणी म्हणायला नको, एवढंच तिला कळत होतं.

बहात्तर सालचा मृग जेमतेम शिंपडून गेला. गहिनीनाथचं वावर हिरवं झालं, मनकर्णेचं उघडंबोडकंच राहिलं. कोंबड्यांचा घास मातीत घातला म्हणून सगळी आळी हसली. मग पावसाने तोंड काळं केलं आणि ते हिरवं वावर बघता बघता करपलं. मनकर्णेला आनंद झाला नाही. खोटं कशाला, थोडा झाला.

पोळ्याच्या आधी दोन सरी येऊन गेल्या. पोळा झाला तसा पुढच्या सालाचीही वाट न बघता गहिनीनाथ कुळव घेऊन थेट तिच्या पट्टीत उतरला. मनकर्णा धावत गेली, तर मातीवर हिरवं दिसलं. इथे एक, तिथे एक. चिमणीच्या पावलासारखी चिरलेली पानं, मटकीचीच. इतके दिवस पाणी आत न घेणारं टरफल आता कुठे नरमलं होतं. ती बैलांसमोर उभी राहिली.

गहिनीनाथ भावजयीशी कसा बोलणार? तो बैलाला म्हणाला, "सर्ज्या, त्यास्नी सांग, चार रोपांनी वावर भरत न्हाई. बाजूला व्हा म्हनावं."

रतनबाई घरी होती. निरोप न्यायला मध्ये कुणी नव्हतं. मनकर्णेने पदर मागे सारला आणि त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"बैलाला काय सांगता, दादा? मला सांगा. चार असू द्या न्हाईतर एक, ह्ये पेरल्यालं रान हाय आन् माझं हाय. कुळव चालवायचा आसंल तर आदी माझ्या अंगावरनं चालवा."

इतक्या वर्षांत गहिनीनाथने तिचा आवाज असा समोरून ऐकला नव्हता. त्याने बैल वळवले.

कुळव बांधापलीकडे जाईपर्यंत ती जागची हलली नाही. मग खाली बसली आणि रडली, दुःखाने नव्हे, रागाने. आणि रडता रडताच रोपांभोवतीचं गवत उपटू लागली.