मधल्या पाण्यातली झोप

नदीच्या मध्यावर आल्यावर कप्तानाने इंजिन बंद केलं. धडधड थांबली, फळ्यांमधला कंप विरत गेला, आणि मग नुसतं पाणी ऐकू यायला लागलं, लाँचच्या पोटाखालून सावकाश सरकणारं. धुकं इतकं खाली उतरलं होतं की दोन्ही काठ कुणीतरी पुसून टाकल्यासारखे वाटत होते. बाकावर नर्सबाई झोपल्या होत्या. मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात, मान खांबाला टेकलेली, तोंडावरचा मास्क श्वासाबरोबर किंचित आत-बाहेर होत होता.

पुढच्या टोकाला दोराच्या वेटोळ्यावर बसलेली ताई मागे वळून बघत राहिली. ती कप्तानाची थोरली बहीण. तिकिटं फाडणं, धक्क्यावर दोर टाकणं आणि भावाला वेळच्या वेळी चार शब्द सुनावणं ही तिची कामं. पण त्या सकाळी ती दोराचं टोक हातात धरून बसली. लाँच प्रवाहाबरोबर खाली वाहत गेली, पार पुलाचे खांब धुक्यातून वर येईपर्यंत. तिथे त्याने इंजिन पुन्हा सुरू केलं, तेही अगदी हळू, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं, आणि लाँच वळवून उलट्या पाण्याने घराच्या काठाकडे घेतली.

कप्तान हे नाव त्याला थट्टेने पडलं होतं. एवढीशी लाँच, त्यात माणसं दाटीवाटीने उभी, आणि हा मात्र कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सुकाणूपाशी. इस्त्री बायको करायची. आता शर्ट चुरगळलेला असे. नाव तेवढं राहिलं होतं.

साथ आली तेव्हा आधी कचेऱ्या बंद झाल्या, मग शाळा, मग पलीकडचा बाजार. लाँच रिकामी जायला लागली आणि पुढे जायचीच थांबली. त्याच दिवसांत बायकोला ताप भरला. त्याने तिला आपल्याच लाँचमधून पलीकडच्या रुग्णालयात नेलं. मधल्या बाकावर बसून ती म्हणाली होती की लाँच इतकी रिकामी आपण आज पहिल्यांदाच बघतोय, बसायला जागा मिळायची तर हे असं. दारातून पुढे कुणाला सोडत नव्हते. ती आपल्या पायांनी चालत आत गेली. परत आला तो फक्त निरोप.

त्यानंतर लाँच काठच्या चिखलात एका कुशीवर कलंडून पडून राहिली. त्याने इंजिन विकायला काढलं, गिऱ्हाईकही बघून ठेवलं. तेवढ्यात मदत कचेरीतून फोन आला. सरकारने छोट्या धंद्यांना हात द्यायचं ठरवलं होतं. डिझेल मिळणार होतं, दोघांचा पगार मिळणार होता. बदल्यात लाँचने रोज सकाळ-संध्याकाळ नदी ओलांडायची, येईल त्याला फुकट न्यायचं, आणि कुणी आलं नाही तरी जायचं. फोन ताईने घेतला होता. तिने भावाला न विचारताच होकार देऊन टाकला.

"सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ऐकत म्हातारी झाले," ती त्याला म्हणाली. "हे आपण होऊन दारात आलंय. नाही म्हणणारा तू कोण?"

"पण न्यायचं कुणाला?"

"ते येणारे बघतील. तू लाँच पाण्यात घाल."

तिच्या तोंडी लागण्यापेक्षा नदी ओलांडणं सोपं होतं. कुलूप लावून बसलेल्या सुताराला लाँचच्या कुजक्या फळ्या बदलण्याचं काम मिळालं. धक्क्यावरच्या चहावाल्या आजोबांनाही त्याच मदतीतून चूल पेटती ठेवता आली. रुग्णालयात जाणाऱ्या-येणाऱ्यांना ते चहा देत आणि वर दोन गप्पा, त्या मात्र त्यांच्या पदरच्या. पहिल्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा काठावरच्या घरांच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. लोकांनी घड्याळं बघणं कधीच सोडलं होतं. आता भोंगा वाजला की सकाळ, भोंगा वाजला की संध्याकाळ, असं त्यांचं चालू झालं. मधला सगळा वेळ स्वप्नात असावा तसा नुसता तरंगत राही.

लाँचमध्ये नेमाने येणाऱ्या एकट्या नर्सबाई. संध्याकाळी पलीकडे जायच्या, रात्रपाळी करून सकाळी परत. पहिल्यांदा झोपल्या तेव्हा लाँच धक्क्याला लागल्यावर त्या दचकून उठल्या आणि चोरी केल्यासारखं पुन्हा पुन्हा माफ करा म्हणत राहिल्या. ताईने त्यांना चहा पाजला. त्यावेळी कळलं की घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, मुली लहान आहेत, आणि एकदा दार उघडलं की डोळ्याला डोळा लागत नाही. नदीएवढीच काय ती झोप, असं त्या हसून म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी कप्तानाने लाँच हळू चालवली. मग आणखी हळू. आणि मग एकदा मध्यावर इंजिनच बंद केलं. नदी आहे तेवढीच होती, पण झोपेपुरती ती रुंद करता येत होती.

त्या शांततेत तो बोलायला लागला. बायको गेल्यापासून घरात त्याने तोंड उघडलं नव्हतं. ताई विचारी त्याला हो किंवा नाही, बस्स. इथे सुकाणूवर हात ठेवून तो अगदी खालच्या आवाजात काहीबाही सांगू लागला. सुताराने फळ्या चांगल्या बसवल्या आहेत. ताईचा हात मिठाला फार सैल झालाय, पण बोलायची सोय नाही. गच्चीवरच्या कुंडीत काहीतरी उगवलंय, ते तू लावलंस की आपलं आपण आलं? ताईला वाटलं तो तिच्याशीच बोलतोय. मग हे त्याचं बायकोशी चाललंय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने मान पुढे वळवली ती लाँच काठाला लागेपर्यंत मागे केली नाही.

अशाच एका सकाळी, धुकं नसताना, पाण्यावर ऊन पडलेलं असताना, तो म्हणाला, "शेवटी कुणी होतं का गं जवळ?"

हा एकच प्रश्न त्याला होता. तो नर्सबाईंना जागेपणी विचारता आला असता. त्या त्याच रुग्णालयातल्या. पण विचारलं आणि त्या नाही म्हणाल्या तर? किंवा नुसत्या गप्प राहिल्या तर? म्हणून तो संध्याकाळी त्यांना फक्त या, बसा, म्हणे आणि सकाळी सावकाश उतरा, म्हणे.

डिझेल जास्त जाऊ लागलं. खाली वाहत जायला काही लागत नाही, पण तेवढंच पाणी परत चढायला लागतं. मदत कचेरीतून ताईला दोनदा विचारणा झाली. तिने इंजिन जुनं आहे, पाणी वाढलंय, असं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. भावाला मात्र तिने स्पष्ट सांगितलं की हे बंद झालं तर लाँच पुन्हा चिखलात जाईल, आजोबांची चूल विझेल, आणि त्या बाईला पोहत घरी यावं लागेल.

मग एका सकाळी कचेरीतले साहेब स्वतःच पलीकडच्या धक्क्यावर उभे होते. शिडशिडीत, वयस्कर माणूस. मास्कमुळे चष्म्यावर सारखी वाफ धरत होती आणि ते सारखा तो पुसत होते. फेरी बघायला आलोय, म्हणाले, आणि नर्सबाईंच्या समोरच्या बाकावर जाऊन बसले. नर्सबाईंनी त्यांना नमस्कार केला आणि काठ सुटायच्या आतच त्यांची मान खांबाला टेकली.

लाँच मध्यावर आली. ताईने भावाकडे बघून नकारार्थी मान हलवली, अगदी बारीक. कप्तानाचा हात इंजिनाच्या कळीपाशी गेला आणि तिथेच थांबला. सरळ गेला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. एका दिवसाची झोप, एवढंच. त्याने बाकाकडे बघितलं. मग त्याने कळ फिरवली.

साहेबांनी चष्मा काढला. ते काहीतरी विचारणार होते, पण समोरच्या बाईकडे त्यांचं लक्ष गेलं, तिच्या पिशवीवरच्या हातांकडे, सॅनिटायझरने सोललेल्या बोटांकडे, आणि ते तसेच बसून राहिले. लाँच वाहत होती. काठावरची घरं, रिकामे रस्ते, बंद दुकानांच्या पाट्या कुणाच्या तरी आठवणीतून जाव्यात तशा बाजूने जात होत्या. कप्तान त्या दिवशी बोलला नाही. पुलाच्या खांबांपाशी त्याने लाँच वळवली.

धक्क्यावर उतरल्यावर साहेबांनी आजोबांकडचा चहा घेतला आणि कितीतरी वेळ नुसता हातात धरला.

"रोज असंच आणता?"

"रोज," कप्तान म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलं नाही.

साहेबांनी नदीकडे पाहिलं. नर्सबाई रस्त्याच्या वळणाला पोहोचल्या होत्या.

"मध्यावर ओढ फार आहे," ते म्हणाले. "डिझेल लागणारच. मी तसं कळवतो."

ओढीचं काय कळवलं ते कुणाला समजलं नाही, पण डिझेल येत राहिलं. सुताराने दुकान उघडलं. पलीकडचा बाजार आधी अर्धा, मग पूर्ण भरायला लागला. एक दिवस कचेरीतून फोन आला की येत्या सोमवारपासून सगळी कामं सुरू होतायत, आता नेहमीसारखी तिकिटं लावा, फेऱ्या वाढवा, मदतीची मुदत संपली. ताईने आभार मानले. फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ पदराशी चाळा करत बसली.

शेवटच्या त्या सकाळी धुकं पुन्हा दाट होतं. कप्तानाने धुऊन इस्त्री केलेला शर्ट घातला होता. इस्त्री त्याने स्वतःच केली होती, एका बाहीवर दोन रेघा पडल्या होत्या. मध्यावर त्याने इंजिन बंद केलं. सांगण्यासारखं खूप होतं, उद्यापासून गर्दी, आरडाओरडा, बोलायला फुरसत नाही. तो सुकाणू धरून उभा राहिला. पाणी वाहत होतं, लाँच वाहत होती, आणि आपण वाहतोय की काठ, हे कळायला काही मार्ग नव्हता.

"होतं," बाकावरून आवाज आला.

त्याने वळून बघितलं. नर्सबाईंचे डोळे मिटलेले होते. मान खांबाला, हात पिशवीवर.

"त्यांच्याजवळ होतं कुणीतरी," त्या म्हणाल्या, तशाच, मिटल्या डोळ्यांनी, झोपेत बोलावं इतक्या हळू. "हात धरून बसलं होतं. शेवटपर्यंत."

मग मास्क पूर्वीसारखाच आत-बाहेर होऊ लागला.

पुलाचे खांब आले आणि गेले. लाँच कधी नव्हे इतकी खाली गेली. ताई पुढच्या टोकाला पाठमोरी बसून होती, तिने हाक मारली नाही. किती वेळाने कोण जाणे, त्याने दोन रेघांच्या त्या बाहीने तोंड पुसलं आणि इंजिन सुरू केलं.

धक्क्याला लाँच लागली तशा नर्सबाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली, रोजच्यासारखं हसून म्हणाल्या की आज छान झोप लागली, आणि फळीवरून उतरून चालू लागल्या. कप्तान त्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिला.

ताई दोर खुंटाला बांधत होती. तो तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

"ताई, तू ऐकलंस?"

तिने गाठ घट्ट ओढली, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

"इंजिनाच्या आवाजात मला मेलीला काय ऐकू येणार," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. इंजिन तेव्हा बंद होतं, हे त्याने तिला सांगितलं नाही.