फळ्यावर केलेलं तेवढंच

उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत बुद्धविहाराच्या भिंतीवर एक फळा होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून येसूबाई रोज सकाळी त्यावर वाडीची खबर लिहीत. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा मुलगा नोकरीला लागला. पूर्वी फळ्यापुढे माणसं थांबत. मग एकेक घर मुंबईला गेलं आणि ऐकायला उरली एकटी रंगूबाई. तिला अक्षर येत नव्हतं, कानानंही कमी ऐकू येई. येसूबाई ओरडून वाचत, ती पायरीवर बसून मान डोलवी.

येसूबाईंची भाची प्रियदर्शिनी महाडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. सुट्टीत आली तेव्हा फळा बघून म्हणाली, "आत्या, तुझं हे रोमन लोकांसारखं आहे. ते सरकारी नोंदींना 'आक्ता' म्हणत. लॅटिनमध्ये 'आगेरे' म्हणजे करणं. त्यावरून आक्ता, केलेल्या गोष्टी. रोजच्या नोंदी चौकात लावत, येणारा-जाणारा वाचायचा."

येसूबाईंना ते फार पटलं. तेव्हापासून 'होणार', 'येणार' असलं काही त्या फळ्यावर येऊ देईनात.

"आनि मनात हाय त्याचं काय?" रंगूबाईनं विचारलं होतं.

"त्याला फळ्यावर जागा नाही."

"मंग अर्धी रंगू भाईरच राह्यली म्हना."

आज रंगूबाईला न्यायला तिचा मुलगा भरत आला होता. आधी मुंबईला डोळ्यांचं ऑपरेशन, मग तिथंच त्याच्याकडे राहायचं, असं त्याचं म्हणणं. वीर स्टेशनात गाडी गाठायची म्हणून रिक्षा खाली थांबवून ठेवलेली. रंगूबाई फळ्यापाशी अडली.

"बाई, लिवा. रंगू परत येनार हाय."

"झाल्याशिवाय लिहीत नाही गं. तुला ठाऊक आहे."

"एक डाव लिवलं तर काय रोमचा राजा येतोय तुमाला धरायला?"

भरत हसला. येसूबाईंना हसू येईना. लिहायचं, आणि ती आलीच नाही तर ते खोटं एकटीनं रोज वाचत बसायचं, एवढंच त्यांना दिसत होतं.

पिशवी भरतच्या हातात देऊन रंगूबाई घराकडे वळली. परसात वाकून बोटानं माती उकरत गेली, कनवटीला खोचलेले वालाचे दाणे एकेक करून टाकले, पायानं माती सारली. हात झटकत परत आली.

"ह्ये तर केलं ना? आता लिवा."

रिक्षा वळणाआड गेल्यावर येसूबाईंनी लिहिलं, 'रंगूबाईने परसात वाल पेरला.' रंगूबाई मुंबईला गेली, हेही झालेलंच होतं. ते लिहायला हात उचलवेना. मग पायरीकडे तोंड करून त्यांनी ती ओळ सवयीनं ओरडून वाचली.

दुसऱ्या दिवशी लिहायला काहीच नव्हतं. खडू घेऊन त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग कळशी भरून रंगूबाईच्या परसात गेल्या, पेरलेल्या मातीवर हलक्या हातानं पाणी शिंपडलं, आणि येऊन तेवढंच लिहिलं.